तक्तपोशीवरची पावलं

सोमवार, ४ फेब्रुवारी

प्रिय बॉबिन,

धप्, धप्, आणि मग टाचेवर हलकेच एक ठिक्.

हा आवाज तुला ओळखू येणार नाही. तू तो कधी खालून ऐकलाच नाहीस, तू कायम वर होतीस. वर बाईंच्या नाचाच्या क्लासात दहा-बारा मुली एकदम पाय आपटायच्या आणि खाली दुकानात मी मशीनवर मान घालून बसलेला असायचो. तक्तपोशीच्या फळ्यांतून बारीक धूळ झरायची. ती गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या शर्टांवर पडू नये म्हणून मी वर जुनं अस्तर ताणून बांधलं होतं. तुझी आई म्हणायची, "मंडप तर घातलात, आता एखादं लग्न लावून टाका त्याच्याखाली."

त्या एवढ्या पायांत तुझे पाय मला बरोबर कळायचे. बाकीच्या मुली दोन्ही पायांवर सारख्याच पडायच्या. तुझा उजवा गुरू, डावा लघु. शाळेत आमच्या मराठीच्या गुरुजींनी बाकावर उभं करून वृत्तं घोटून घेतली होती, यमाताराजभानस, ती अशी उपयोगी पडली. माझे पाय पायडलवर आणि कान छताला. कधी कधी तुझ्या तालावर शिवण इतकी सरळ जायची की मलाच नवल वाटायचं. अगदी लहान होतीस तेव्हा याच मशीनखाली गोल गोल फिरायचीस, म्हणून तर बॉबिन. तुझ्यासाठी रचलेलं गाणं आठवतं?

फिर गं बॉबिन, सुटू दे दोरा,
वरच्या फळीला चढू दे तोरा.

गुरुजींनी मात्रा मोजल्या असत्या तर छडी मिळाली असती. पण तू ते अंघोळीला, शाळेत जाताना, सगळीकडे म्हणायचीस.

अस्तर मी गेल्या वर्षी काढून टाकलं. धूळ पडायचीच थांबली होती. बाईंकडे आता मुली येत नाहीत.

काल आपण फोनवर बोललो. तू विचारलंस, "बाबा, जेवलात का?" मी म्हटलं, "जेवलो. तिकडे थंडी आहे का?" तू म्हणालीस, "आहे जरा." मग दोघंही थोडा वेळ त्या थंडीबद्दल गप्प बसलो आणि तू म्हणालीस, "ठेवू?" इतकी वर्षं तब्येत आणि हवामान या दोन खुंट्यांवर आपण सगळं टांगत आलोय. लग्न केलंस तेसुद्धा तू मला हवामानासारखंच सांगितलंस. "बाबा, काल आम्ही सहीचं लग्न केलं." मी म्हणालो, "बरं झालं. पाऊस नव्हता ना?" फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. मग ते हसू गेलं.

म्हणून हे पत्र. समोरच्या इस्त्रीवाल्या वहिनी मघाशी डोकावून गेल्या. "काय मास्तर, पत्र? पोरीला? का, फोन काय शोभेला ठेवलाय?" त्यांना कसं सांगणार, की कागदाला "ठेवू?" म्हणता येत नाही.

बातमी अशी, की बाईंचे गुडघे आता जिन्याला दाद देत नाहीत. क्लास त्या बंद करताहेत. येत्या १७ तारखेला, रविवारी, देवळात त्यांची नाचाची शेवटची सेवा आहे. जुन्या सगळ्या मुली येणार आहेत. एक तर आता आजी झालीय. परवा बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या, मी पाणी नेऊन दिलं. म्हणाल्या, "मास्तर, माझ्या सगळ्या मुली पुऱ्या झाल्या. एकच अर्धी राहिली."

कोण, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

तो अर्धा राहिलेला नाच तू येऊन पुरा करावास, अशी बाईंची इच्छा आहे. माझी इच्छा काय हे मी लिहीत नाही. शिंप्याला इच्छा नसते, माप असतं.

एक मात्र लिहितो, कारण फोनवर ते हवामानात बसत नाही. तो पोशाख अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी देवळात तू नाचता नाचता थांबलीस, त्याच सुमाराला मी "टर्र" असा आवाज ऐकला होता. काखेत शिवण गेली असं मी धरून चाललो. आईची लग्नातली साडी, माझ्या हातची शिवण, आणि चारचौघांत गेली. तू वाकून जमिनीला हात लावलास, घुंगरू सोडलेस आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडलीस. महिन्याभरात नोकरी धरून तू हे घर सोडलंस, आणि पायाला पुन्हा घुंगरू म्हणून लावले नाहीस. मी दुसरं काय समजणार?

पण या सोळा वर्षांत मी तो पोशाख कितीतरी वेळा उलटा करून पाहिलाय. भिंग लावून. त्यात एक टाका उसवलेला नाही, बॉबिन.

मग काय झालं होतं?

गुरुवारी मी बाईंना देवळात घेऊन जातोय. त्यांना जागा एकदा नजरेखालून घालायची आहे. माझे डोळे छान आहेत, काळजी नसावी. सुईत दोरा तेवढा वहिनी ओवून देतात.

तुझा,
बाबा


गुरुवार, ७ फेब्रुवारी

प्रिय बॉबिन,

बसमधून उतरल्यावर देवळापर्यंतची चढण बाई माझ्या हाताला धरून चढल्या आणि वर पोचल्यावर म्हणाल्या, "मास्तर, धापा तुम्ही टाकताय, गुडघे माझे गेलेत." मी म्हटलं, "मला सवय बसून काम करायची." त्या म्हणाल्या, "आणि मला उभं राहून करायची. म्हणून दोघंही बाद."

देऊळ आहे तिथेच आहे. मला उगाच भीती होती की ते आठवणीपेक्षा लहान निघेल. शाळेतला वर्ग मोठेपणी पाहिला की लहान दिसतो ना, तसं. पण ते मोठंच निघालं. तोच काळा दगड, आत शिरल्याबरोबर अंगावर येणारा तोच गारवा, तेलाचा वास, आणि मधोमध ती गोल रंगशिळा. किती शतकांच्या पायांनी तिला मधे खोलगट केलंय. पाणी सांडलं तर तळं होईल. मी वाकून हात फिरवला. रेशमावरून फिरावा तसा फिरला.

बाई तिच्या कडेला बसल्या आणि नव्या मुलींना सांगायच्या तसं मलाही सांगायला लागल्या. पूर्वी इथे जसा दिवा लावायचे, फूल वाहायचे, तसाच नाचही वाहायचे. नाचणारीचं तोंड गाभाऱ्याकडे. माणसांना दिसायची ती पाठ. "कुणी विचारलं, आम्हाला तोंड कधी दिसणार, तर आमच्या गुरू म्हणायच्या, देव व्हा मग दिसेल." आणि त्या इतक्या हसल्या की गाभाऱ्यातला पुजारी बाहेर डोकावला.

मी खांब बघत हिंडलो. खांबाखांबावर त्या दगडातल्या नाचणाऱ्या. एक आरशात बघतेय, एक पायातला काटा काढतेय, एक नुसतीच वळून उभी आहे, जणू तिला मागून कुणी हाक मारली. मी त्यांचे कपडे पाहिले. एकीच्या चुण्या उजवीकडून डावीकडे, शेजारणीच्या उलट्या. म्हणजे कारागीर दोन, आणि त्यांचं आपसात बोलणं नसावं. एकीच्या कमरेची पट्टी इतकी चपखल बसलीय की मी बोटांनी माप घ्यायला लागलो. बाई मागून म्हणाल्या, "मास्तर, आधी देवाला नमस्कार. मग गिऱ्हाईक."

ज्या खांबाला टेकून मी त्या दिवशी बसलो होतो, त्यालाच जाऊन टेकलो. रंगशिळेच्या मागे, जरा तिरका. डोळे मिटले. म्हटलं, आता सगळं पहिल्यापासून आठवू. तू आलीस, गाभाऱ्याकडे तोंड करून उभी राहिलीस. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाईंची ताल धरायची काठी फळीवर पडली. तुझा उजवा गुरू, तुझा डावा लघु. आज मधे तक्तपोशी नाही, असं मला वाटलं होतं. पहिल्यांदाच, मधे काही नाही.

आणि तेवढ्यात, टर्र!

मी दचकून डोळे उघडले. वर कंगोऱ्यावरून एक कबुतर उडालं होतं. मंडपात पंखांचा आवाज इतका मोठा होतो की कापडाचा तागा फाडल्यासारखं वाटतं. मग दुसरं उडालं. टर्र.

कबुतर! बॉबिन, सोळा वर्षं मी भिंग घेऊन कबुतर शोधत होतो.

मी बाईंना सगळं सांगितलं. आधी मला हसूच येत होतं. मग हसता हसता लक्षात आलं, आणि मी विचारलं, "बाई, शिवण जर गेलीच नव्हती, तर ती थांबली का?"

त्यांनी जे सांगितलं ते आज लिहवत नाही. बसनं अंग आंबलंय.

बाबा


शनिवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बॉबिन,

परवाचं पत्र मी कुरिअरनं पाठवून दिलं, आणि मग दोन दिवस काही शिवलं नाही. आज लिहितो.

मी तसं विचारल्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एक बाही लांब झालेलं गिऱ्हाईक पाहतं. म्हणाल्या, "का म्हणजे? मास्तर, तुम्हीच तर थांबवलंत तिला."

"मी?"

"ओरडलात की. 'पुरे!' म्हणून. अख्खा मंडप दणाणला."

"अहो बाई, ती शाबासकी होती!"

"पुरे म्हणजे शाबासकी? कुठल्या देशात?"

"आमच्या दुकानात," मी म्हटलं.

बाईंनी रंगशिळेच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, बायको गेलेली, त्यात तिचीच साडी पोरीच्या अंगावर, यांना सोसवलं नाही. म्हणून मीही कधी विषय काढला नाही." बघ, किती समंजस माणसं आपण सगळी. इतकी समंजस, की कुणी कुणाला विचारलंच नाही.

आता तुला सांगतो. तुला निम्मं माहीत आहे, तरी सगळं सांगतो.

गिऱ्हाईक कापड घेऊन यायचं आणि विचारायचं, "मास्तर, एवढ्यात पुरेल का हो?" मी ते टेबलावर पसरायचो. आधी आडवं लावून बघायचो, मग उभं, खडूच्या खुणा करायच्या, पुसायच्या, बाही तिरकी घालून बघायची. आणि एका क्षणी सगळं बसायचं. तेव्हा मी टेबलावर हात मारून म्हणायचो, "पुरे!" तू शाळेतून आलीस की टेबलाखालून मलाच चिडवायला ओरडायचीस, "पुरे! पुरे!" याच्याहून मोठा शब्द माझ्याकडे नव्हता गं. कवितेतले कितीतरी शब्द पाठ होते, पण ते दुसऱ्यांचे. हा माझा होता.

मग आई आजारी पडली. तिला आवाज सोसेनासा झाला. तू आतल्या खोलीत गोधडी अंथरून, घुंगरू न बांधता सराव करायचीस, तरी फरशी दणाणायची. मी दाराशी येऊन हळूच म्हणायचो, "पुरे गं बॉबिन." रोज म्हणायचो. त्या वर्षी घरात त्या शब्दाचा अर्थच बदलला, आणि शिंपी असून ते उसवणं माझ्या लक्षात आलं नाही. कापडाला म्हणायचो तोच शब्द, तुझ्या पायांना म्हणायचो तोच.

आई गेली. पोशाखासाठी तू तिची लग्नातली जांभळी रेशमी साडी मागितलीस. साडी कडेला विरलेली, मधेच नीट. मी ती टेबलावर पसरली आणि आडवी-उभी लावून बघितली. पुरेना. कशीही लावली तरी पुढचा चुण्यांचा पंखा अपुरा पडत होता. काठ फिरवला, जोड काखेत लपवला, पदर उलटा घातला. आणि त्यातही आतून माया ठेवलीच. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवल्याशिवाय माझा हात कात्री उचलतच नाही. आई हयात असती तर म्हणाली असती, "यांच्या कपड्यात माणसाला जागा कमी, माया जास्त." तुला मी यातलं काही बोललो नाही. पंखा पुरा उघडेल की नाही, ते तू नाचायला लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

आणि तू नाचलीस. मधेच एका जागी तू गुडघे बाहेर वळवून खाली बसलीस, आणि मी तिरका बसलो होतो म्हणून मला कडेनं दिसलं, की तो पंखा उलगडत गेला, उलगडत गेला, शेवटच्या चुणीपर्यंत. कुठे ओढला नाही, कुठे अडला नाही. तिची साडी तुला पुरली. बॉबिन, ती तुला पुरली. मी दुसरं काय म्हणणार होतो?

पण तुझं तोंड देवाकडे होतं. तुला शब्द ऐकू आला, माझा चेहरा नाही. आणि मला तुझी पाठ दिसली. तू थांबलीस तेव्हा मला वाटलं, हा यति आहे. गुरुजी सांगायचे, ओळीच्या मधे यति येतो तिथे कविता संपत नाही, श्वास घेते. मी वाट पाहत बसलो, की आता घेईल श्वास आणि पुढची ओळ सुरू करेल.

अजून पाहतोय.

बाबा


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

प्रिय बॉबिन,

बुधवारी तुझा फोन आला. तू विचारलंस जेवलात का. मी सांगितलं जेवलो. पत्रं पोचली का, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "थंडी कमी झाली का?" तू म्हणालीस, "होतेय कमी." मग म्हणालीस, "ठेवू?" पण लगेच ठेवला नाहीस. मागे कुणाची तरी बॅग ओढल्यासारखा आवाज येत होता. तुला कामाला जायचं असेल, म्हणून मीच ठेवला.

तेव्हा हे शेवटचं. आज टाकलं तरी रविवारच्या आत पोचायचं नाही, हे मला कळतं.

पोशाख वहिनींकडे दिला होता. त्यांनी पंख्याची एकेक चुणी वेगळी करून इस्त्री मारली, आणि पैसे विचारले तर म्हणाल्या, "राहू द्या हो, पोरीचं आहे ना." मग पोशाख हँगरला अडकवत, "येणार आहे का?" मी म्हटलं, "कळवलंय." त्या म्हणाल्या, "कळवलंय म्हणे! मास्तर, लग्नपत्रिका आहे का ती? ये म्हणावं, नुसतं. ये. दोन अक्षरं नाहीत पुरती."

खरंच की. मी सगळी पत्रं डोळ्यांपुढे आणली. बाईंची इच्छा लिहिली, देवळाच्या खांबांचं लिहिलं, कबुतराचं लिहिलं. ते तेवढं लिहिलंच नाही.

ये.

नाचायला नको. बाईंसाठी नको, देवासाठीही नको. तुझे गुडघे आता काय म्हणतात, मला ठाऊक नाही. तू नुसती वर जाऊन चालून गेलीस तरी मला खाली कळेल. दुपारी दुकानात बसलो की मी अजून छताकडे बघतो. कान गेले नाहीत, आवाज गेलाय. न जमलं तर रविवारी मी एकटा जाईन, त्या खांबाला टेकून बसेन आणि तुझी ओळ मनातल्या मनात म्हणेन. मला पाठ आहे, यतीपर्यंत. पुढची मात्र

दार वाजतंय. वहिनी असणार, हँगर न्यायचे राहिलेत. थांब.

आलो. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण लिहितो, कारण हाताला काहीतरी काम हवंय.

वहिनी नव्हत्या. एक उंच गृहस्थ, कानाशी केस पिकलेले, चपला उंबऱ्याबाहेर अगदी जुळवून काढून ठेवलेल्या. मी म्हटलं, "नवीन काम घेत नाही हो आता."

ते म्हणाले, "काम नाही. मला एक वाक्य विचारायला पाठवलंय. गाडीत पाठ करून घेतलंय माझ्याकडून."

आणि कविता म्हणायला उभं केलेल्या मुलासारखे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी आता जाड झालेय. आत दुमडून ठेवलेली माया आहे ना अजून? ती पुरेल का?"

मग घाबरून माझ्याकडे बघितलं. "चुकलं का काही? मला शिवणकामातलं ओ की ठो कळत नाही."

"नाही चुकलं," मी म्हटलं. "विचारलंय कुणी?" माहीत होतं, तरी विचारलं.

जावईबापूंनी बोट वर केलं. तक्तपोशीकडे. "आधी बाईंच्या पाया पडते म्हणाली. मला म्हणाली, तुम्ही खाली जा, मला उत्तर खालूनच ऐकायचंय."

त्यांना खुर्ची दिलीय, ते पाणी पिताहेत आणि मधूनमधून माझ्याकडे बघताहेत. मी पट्टी शोधत दुकानभर फिरलो, ती माझ्या गळ्यातच होती. पोशाख उलटा केलाय. दोन्ही बाजूंना माया आहे. मी मोजली नाही. मोजायची गरज नाही.

वर काठी पडली. बाईंचीच. आणि आत्ता, या शब्दावर, कागदावर हे बारीक काहीतरी झरलं. तू हे वाचशील तेव्हा झटकू नकोस.

उजवा गुरू.

शब्द माझ्या तोंडात आलाय, बॉबिन, पण मी तोंडावर हात धरलाय. खालून नाही म्हणणार. पाठीमागून तर नाहीच. पोशाख घेऊन जिना चढतो, तुझ्या समोर येऊन उभा राहतो आणि मग म्हणतो.

मी लिहायचं थांबवतो. तू थांबू नकोस.